स्पेनच्या मंत्रिमंडळांतील ‘देवाचें कार्य’

१९५७ सालच्या फेब्रुवारीच्या २५ तारखेस स्पेनचा सर्वाधिकारी जनरल फ्रान्सिस्को फ्रँको यानें आपलें मंत्रिमंडळ बदललें. मंत्र्यांची अदलाबदल ही त्याच्या राज्यांत कांहीं अपूर्व गोष्ट नव्हती. लष्करी अधिकारी, जुने राजनिष्ठ, कॅथॉलिक पुढारी आणि ‘फालांखे’ या एकमेव अधिकृत पक्षाचे कार्यकर्ते, अशा निरनिराळ्या गटांमध्यें खात्यांची वांटणी करावयाची आणि कोणालाच फार प्रबळ होऊं द्यावयाचें नाहीं, हें त्याचें नेहमींचें तंत्र होतें. परंतु या वेळीं अर्थखात्यावर मारियानो नाव्हारो रुबिओ आणि व्यापारखात्यावर आल्बेर्तो उल्यास्त्रेस असे दोन मंत्री आले, ते यांपैकीं कोणत्याच गटांत नीट बसत नव्हते. दोघेहि ‘ओपुस देई’ नांवाच्या एका धार्मिक संस्थेचे सभासद होते. त्यांच्या आधीं दोनच महिने त्याच संस्थेचा लाउरेआनो लोपेझ रोदो हा कायद्याचा प्राध्यापक सरकारच्या मध्यवर्ती कचेरीचा मुख्य चिटणीस झाला होता. पुढें जवळजवळ सतरा वर्षें स्पेनमध्यें एकच प्रश्न लोक दबक्या आवाजांत विचारीत राहिले : राज्य फ्रँको चालवितो, कीं ही संस्था?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. संस्थेच्या विरोधकांनीं त्याला एक उत्तर दिलें, संस्थेनें अगदीं उलट दिलें, आणि दोन्ही उत्तरांत कांहीं सत्य आहे. तें निवडून पाहण्यासाठीं प्रथम ही संस्था कोणती, तें समजून घेतलें पाहिजे.

‘ओपुस देई’ या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘देवाचें कार्य’ असा आहे. होसेमारिया एस्क्रिव्हा या तरुण धर्मगुरूनें १९२८ सालच्या ऑक्टोबरच्या २ तारखेस माद्रिद येथें तिचा आरंभ केला. एस्क्रिव्हा यांचा जन्म १९०२ सालीं आरागॉन प्रांतांतील बार्बास्त्रो या गांवीं, एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरीं झाला. पुढें वडिलांचा व्यापार बुडाला आणि कुटुंबाला ओढगस्तीचे दिवस पाहावे लागले. त्यांची मूळ कल्पना साधी, पण त्या काळच्या कॅथॉलिक जगांत बरीच नवी होती. पूर्ण धार्मिक जीवन हें मठांतील साधूंचेंच आहे, अशी समजूत तेव्हां रूढ होती. एस्क्रिव्हा यांचें म्हणणें असें कीं, वकिलानें वकिली करीत, डॉक्टरानें रोगी तपासीत, गृहिणीनें घर सांभाळीत संतपद मिळवावें. रोजचें काम निर्दोष करून तें देवाला अर्पण करणें, हीच उपासना. मळ्यांत राबतां राबतां देव पाहणारे सावता माळी ज्यांना ठाऊक आहेत, त्या मराठी माणसाला ही शिकवण परकी वाटणार नाहीं.

परंतु शिकवणीभोंवतीं जी शिस्त उभी राहिली ती फार कडक होती. कांहीं सभासद आजन्म ब्रह्मचारी राहून संस्थेच्या घरांत राहात, बाहेर नोकरी किंवा धंदा करीत आणि मिळकत संस्थेला देत. ते रोज कांहीं वेळ मांडीला बोचरी साखळी बांधीत आणि आठवड्यांतून एकदां स्वतःला दोरीचे फटके मारून घेत. दुसरे सभासद विवाहित, आपापल्या घरीं राहणारे. संख्येनें पुढें तेच अधिक झाले. सर्वांनाच नित्याची प्रार्थना, आठवड्याचें पापनिवेदन आणि नेमून दिलेल्या मार्गदर्शकापुढें मन मोकळें करणें, हीं बंधनें होतीं. स्त्रियांचा विभाग वेगळा. धर्ममतांत संस्था पूर्णपणें सनातनी : पोपची आज्ञा, जुनी नीति आणि कुटुंबाची जुनी घडी यांत बदल नको. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एस्क्रिव्हा यांच्या ‘कामीनो’ या ९९९ सुवचनांच्या छोट्या पुस्तकांत आज्ञापालन आणि पुढारीपण या दोन गुणांवर सारखाच भर आहे. आज्ञा पाळणारे पुढारी तयार करावयाचे, हें सूत्र पुढील इतिहास समजण्यास फार उपयोगी पडतें.

संस्था बाल्यांत असतांनाच १९३६ सालीं यादवी युद्ध पेटलें. प्रजासत्ताकाच्या ताब्यांतील प्रदेशांत हजारों धर्मगुरु मारले गेले. एस्क्रिव्हा माद्रिदमध्यें कित्येक महिने लपून राहिले आणि १९३७ च्या अखेरीस थोड्या अनुयायांसह पिरेनीज पर्वत पायीं ओलांडून फ्रँकोच्या प्रदेशांत पोंचले. जें सरकार आपल्याला ठार मारूं देतें त्याच्याविरुद्ध उभा असलेला सेनापति तारणहार वाटावा, यांत नवल नाहीं. स्पेनमधील बहुतेक सर्व बिशपांनाहि तेव्हां तसेंच वाटत होतें. एवढ्यावरून या संस्थेचा वेगळा दोष काढणें न्यायाचें होणार नाहीं.

वेगळेपणा युद्धानंतर दिसूं लागला. प्रजासत्ताकाच्या बाजूचे शेंकडों प्राध्यापक देशोधडीला लागले होते आणि विद्यापीठांतील जागा रिकाम्या पडल्या होत्या. १९३९ सालीं सरकारनें वैज्ञानिक संशोधनाचें एक मोठें मंडळ स्थापन केलें. त्याचा मुख्य चिटणीस होसे मारिया आल्बारेदा हा रसायनज्ञ होता. एस्क्रिव्हा यांच्यासह पर्वत ओलांडणाऱ्यांपैकीं तो एक, आणि संस्थेचा ब्रह्मचारी सभासद. १९६६ सालीं मृत्यु येईपर्यंत तो त्या जागेवर होता. शिष्यवृत्त्या, परदेशचा प्रवास, प्राध्यापकीची परीक्षा घेणारीं पंचमंडळें यांत संस्थेच्या मंडळींना झुकतें माप मिळतें, अशी तक्रार चाळिशीच्या दशकापासूनच ऐकूं येऊं लागली. तक्रार करणारांत नास्तिक नव्हते असें नाहीं. परंतु फालांखेचे लोक आणि कांहीं कॅथॉलिक संन्यासीहि होते. १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं संस्थेला कायमची मान्यता दिली आणि १९५२ सालीं तिनें पांप्लोना येथें स्वतःचें विद्यापीठ काढलें. अशा रीतीनें हुशार, कष्टाळू, परकीय भाषा जाणणारा आणि सनातनी असा एक वर्ग तयार होत होता. त्याला राजकारणाकडून बोलावणें येण्याचाच अवकाश होता.

तें बोलावणें अडचणीच्या वेळीं आलें. फ्रँकोनें युद्धानंतर सर्व कांहीं देशांतच पिकवावें व बनवावें, असें धोरण धरलें होतें. त्याचा परिणाम म्हणून चाळिशीचीं वर्षें स्पॅनिश जनतेनें अक्षरशः उपासमारींत काढलीं. हिटलर व मुसोलिनी यांच्या जुन्या मित्राला युद्धोत्तर जगांत कोणी जवळ करीना. मार्शल योजनेची मदतहि त्याला मिळाली नाहीं. १९५३ सालीं अमेरिकेशीं आणि व्हॅटिकनशीं करार झाले, १९५५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत प्रवेश मिळाला. पण महागाई वाढत होती, विद्यार्थी व मजूर अस्वस्थ होते आणि परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. फालांखेच्या घोषणांनीं बाजारांतील भाव उतरत नव्हते. हिशेब जाणणारे लोक हवे होते.

ते शोधून काढले लुईस कारेरो ब्लांको यानें. हा नौदलाचा अधिकारी फ्रँकोचा उजवा हात होता. तो स्वतः ओपुस देईचा सभासद नव्हता. परंतु कट्टर कॅथॉलिक, साम्यवाद व फ्रीमेसन यांचा द्वेष्टा आणि राजेशाहीचा पुरस्कर्ता होता. राज्ययंत्र कार्यक्षम करावें, पण सत्ता कोणाशीं वांटून घेऊं नये, असें त्याला वाटे. लोपेझ रोदोजवळ नेमकी हीच योजना होती. परंपरावादी राजकारणी आणि धर्मनिष्ठ तज्ज्ञ यांची ही जी जोडी जमली, तिनेंच पुढचा इतिहास घडविला. एकाजवळ सर्वाधिकाऱ्याचा विश्वास होता, दुसऱ्याजवळ विद्या होती. आणि जग कसें असावें याबद्दल दोघांचें एकमत होतें.

त्यांचें काम मोठें झालें, हें कबूल केलें पाहिजे. १९५९ सालच्या जुलईमध्यें उल्यास्त्रेस व नाव्हारो रुबिओ यांनीं ‘स्थैर्ययोजना’ जाहीर केली. एका डॉलरला ६० पेसेता असा नवा दर ठरवून चलनाचें अवमूल्यन केलें, सरकारी खर्चाला कात्री लावली, आयातीवरील निर्बंध सैल केले आणि परकीय भांडवलाला दार उघडलें. फ्रँकोला हें सारें मनापासून पटलें नव्हतें. तिजोरी रिकामी पडल्यामुळें त्यानें तें पतकरलें. पहिलीं एकदोन वर्षें हालाचीं गेलीं : मजुरी गोठली, कारखान्यांतील जादा काम बंद झालें. नंतर मात्र भरभराट सुरू झाली. १९६० पासून पुढें सुमारें तेरा वर्षें उत्पन्न सरासरीनें दरसाल सात टक्क्यांच्या आसपास वाढत गेलें. १९६२ सालीं लोपेझ रोदो विकासयोजनेचा मुख्य झाला आणि त्याच संस्थेचा ग्रेगोरिओ लोपेझ ब्राव्हो उद्योगमंत्री झाला. घरोघरीं शीतकपाट आणि दूरचित्रवाणीचा संच आला. रस्त्यांवर लहान मोटारी धांवूं लागल्या.

या भरभराटीची दुसरी बाजू अशी. लाखों मजूर पोटासाठीं फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड या देशांत गेले आणि त्यांनीं घरीं पाठविलेल्या पैशानें व परकीय प्रवाशांच्या खर्चानें आयातीची तूट भरून निघाली. स्वतंत्र कामगारसंघ बेकायदेशीरच राहिले. वर्तमानपत्रांवरील दाब थोडा सैल झाला, पण गेला नाहीं. पोट भरलें म्हणजे राजकारण मागे पडेल, असा या तज्ज्ञांचा हिशेब होता. सर्वाधिकारी राजवटीला त्यांनीं कदाचित् दहापंधरा वर्षांचें आयुष्य वाढवून दिलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हे मंत्री संस्थेच्या हुकमानें वागत होते काय? संस्थेचें उत्तर आरंभापासून एकच राहिलें : आम्ही सभासदांना धर्म शिकवितों, राजकारणांत ज्याचा तो स्वतंत्र, जबाबदारी ज्याची त्याची. आणि या उत्तराला एक भक्कम पुरावा आहे. राफाएल काल्व्हो सेरेर हाहि ओपुस देईचा जुना सभासद होता. आरंभीं तो कडवा परंपरावादी होता, पण पुढें त्याचीं मतें बदललीं. त्याच्या ‘माद्रिद’ या दैनिकांत १९६८ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस त्यानें फ्रान्सच्या जनरल द गॉल यांनीं वेळींच निवृत्त व्हावें, असा लेख लिहिला. लेखांतील म्हातारा जनरल फ्रान्सचा नसून घरचाच आहे, हें सर्वांनीं ओळखलें. पत्र चार महिने बंद राहिलें. १९७१ सालीं तें कायमचें बंद करण्यांत आलें आणि १९७३ सालीं त्याची इमारत सुरुंग लावून पाडण्यांत आली. पत्र बंद करणारा माहितीमंत्री आल्फ्रेदो सांचेझ बेल्या याचा एक भाऊ संस्थेचा स्पेनमधील मुख्य धर्मगुरु होता. काल्व्हो सेरेर पॅरिसला निघून गेला आणि १९७४ सालीं तेथें साम्यवादी पुढारी सांतियागो कारिल्यो याच्याबरोबर लोकशाहीवादी आघाडींत उभा राहिला. पत्राचा संपादक आंतोनिओ फोंतान हाहि ओपुस देईचाच होता. रोमहून हुकूम सुटत असते, तर असें दृश्य दिसलें नसतें.

तरीहि संस्थेचें उत्तर अर्धेंच आहे. प्रभाव पाडण्यास हुकूम लागतोच असें नाहीं. एकाच वसतिगृहांत वाढलेले, एकाच मार्गदर्शकापुढें मन उघडें करणारे, एकच पुस्तक उशाशीं ठेवणारे दहा लोक सरकारांत गेले आणि त्यांतील एकाला हाताखालीं विश्वासाचा माणूस हवा झाला, तर त्याच्या डोळ्यांपुढें प्रथम कोण येईल? आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात, तो बहुधा अशाच निर्मळ विश्वासांतून जन्म घेतो. त्यांत पैसा नसतो, कपट नसतें. पण दाराबाहेर उभा असलेला लायक माणूस बाहेरच राहतो. शिवाय संस्थेच्या १९५० च्या नियमांप्रमाणें वरिष्ठांच्या परवानगीवांचून सभासदानें आपलें सभासदत्व उघड करावयाचें नव्हतें. ती नम्रता आहे, असें संस्था म्हणे. खासगी माणसाला ती शोभेल. मंत्र्याची गोष्ट निराळी. मंत्र्याच्या मित्रमंडळींची यादी लोकांना ठाऊक नसली, म्हणजे लोक ती कल्पनेनें तयार करतात, आणि कल्पनेची यादी नेहमींच लांबलचक असते. ‘पांढरी फ्रीमेसनरी’ हें टोपणनांव संस्थेला मिळालें, तें याच कारणानें.

त्यांतच राजकीय पक्षांना बंदी. जेथें पक्ष उघडपणें काम करतात तेथें समविचारी लोक एकत्र येतात, आपला कार्यक्रम छापतात, मतें मागतात आणि हरल्यास घरीं जातात. फ्रँकोच्या स्पेनमध्यें हा मार्गच नव्हता. त्यामुळें पक्षाचें काम एक धर्मसंस्था नकळत करूं लागली. माणसें ती पुरवीत होती. पण जाब मात्र तिला कोणी विचारूं शकत नव्हता, कारण ती पक्ष नव्हतीच. आणि फ्रँकोशीं तिचा कांहींच संबंध नव्हता, असेंहि नाहीं. १९५८ सालीं राज्याच्या मूलतत्त्वांत कॅथॉलिक सिद्धांतांना मान्यता मिळाली, तेव्हां एस्क्रिव्हा यांनीं फ्रँकोला पत्र लिहून समाधान व्यक्त केलें होतें.

जाब विचारण्याची वेळ १९६९ च्या ऑगस्टमध्यें आली, तीहि वांकड्या वाटेनें. मातेसा ही कंपनी कापडाचे नवे माग परदेशीं विकते, असें सांगून सरकारी पतपेढीकडून निर्यातीसाठीं कर्ज घेत होती. कर्जाचा आंकडा सुमारें दहा अब्ज पेसेतांवर गेला, तेव्हां बरेचसे माग कंपनीच्याच परदेशी शाखांकडे पडून असल्याचें उघडकीस आलें. अर्थ व व्यापार खात्यांचे त्या वेळचे मंत्री ओपुस देईच्या वर्तुळांतील मानले जात. फालांखेच्या वर्तमानपत्रांनीं ही बातमी उचलून धरली आणि माहितीमंत्री मानुएल फ्रागा यानें त्यांना आडकाठी केली नाहीं. ते दोन मंत्री गेले. गव्हर्नर म्हणून बँकेंत गेलेल्या नाव्हारो रुबिओलाहि पुढें जागा सोडावी लागली. परंतु ऑक्टोबरमध्यें नवें मंत्रिमंडळ झालें, त्यांत फ्रागालाच डच्चू मिळाला आणि कारेरो ब्लांकोच्या मंडळींचें बळ उलट वाढलें. सर्व मंत्री एकाच गटाचे, म्हणून लोकांनीं त्याचें नांव ‘एकरंगी सरकार’ असें ठेवलें. १९७१ सालीं फ्रँकोनें क्षमापत्र काढून माजी मंत्र्यांवरील खटल्याचा प्रश्नच मिटविला. त्यामुळें अपराधी कोण आणि निरपराधी कोण, हें न्यायासनापुढें कधींच ठरलें नाहीं. आणि जे निरपराधी होते त्यांचेंहि नुकसानच झालें.

एवढ्यांत चर्चच बदलत होतें. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार केला. १९७१ सालीं स्पेनमधील बिशप व धर्मगुरु यांच्या संयुक्त सभेंत, यादवी युद्धांत आपण समेट घडवून आणूं शकलों नाहीं याबद्दल क्षमा मागावी, असा ठराव आला. त्याला बहुमत मिळालें. नियमाप्रमाणें लागणारी दोनतृतीयांश मतें तेवढीं मिळालीं नाहींत. बिशप राजवटीपासून दूर सरकत असतां धर्मनिष्ठ मंत्री तिच्या अगदीं जवळ उभे होते.

शेवट अचानक आला. १९७३ सालच्या जूनमध्यें कारेरो ब्लांको पंतप्रधान झाला आणि डिसेंबरच्या २० तारखेस बास्क बंडखोरांनीं माद्रिदच्या रस्त्यावर सुरुंगानें त्याची मोटार उडविली. पुढच्या महिन्यांत बनलेल्या मंत्रिमंडळांत त्याच्या तज्ज्ञांना स्थान उरलें नाहीं. ज्यांची सत्ता एका माणसाच्या विश्वासावर उभी होती, ती त्या माणसाबरोबरच संपली. १९७५ सालीं जूनमध्यें एस्क्रिव्हा रोम येथें आणि नोव्हेंबरमध्यें फ्रँको माद्रिद येथें मरण पावले.

लोकशाही आल्यावर काय झालें, हें पाहणें बोधप्रद आहे. १९७७ सालीं निवडून आलेल्या सिनेटचा पहिला अध्यक्ष तोच आंतोनिओ फोंतान झाला, ज्याचें पत्र बंद पाडलें होतें. लोपेझ रोदोहि निवडून येऊन लोकसभेंत बसला. २००० ते २००४ या काळांतील परंपरावादी सरकारचा संरक्षणमंत्री फेदेरीको त्रिल्यो हा संस्थेचा सभासद असल्याचें सर्वांना ठाऊक होतें. लोकांनीं त्याच्यावर टीका केली ती त्याच्या कारभारासाठीं केली. खुद्द संस्थेलाहि १९८२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं चर्चमध्यें खास दर्जा दिला आणि नव्या नियमांत गुप्ततेला मनाई झाली. २००२ सालीं एस्क्रिव्हा यांना संतपद मिळालें. पुढें २०२२ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं संस्थेच्या प्रमुखाला यापुढें बिशपपद मिळणार नाहीं असें ठरवून तो खास दर्जा बराच कमी केला.

तेव्हां राज्य कोण चालवीत होतें, याचें उत्तर असें कीं, राज्य फ्रँकोच चालवीत होता. ओपुस देईनें त्याला हुकूम सोडला नाहीं आणि त्यानेंहि तिला राज्य दिलें नाहीं. पण जेथें लोकांना मत देतां येत नाहीं, तेथें एखादी धार्मिक संस्था सत्तेच्या उंबरठ्याशीं आली, कीं तिचे प्रामाणिक सभासदहि संशयांत सांपडतात. त्यांनीं आपले हात कितीहि वेळां धुतले, तरी ते स्वच्छ आहेत हें पाहण्यासाठीं लोकांना दिव्याची गरज असते. आणि तो दिवा त्या राज्यांत मुद्दाम विझवून ठेवलेला होता.